हेमंतला लिफ्ट

कुत्रा पाळणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. चावतो का, आणि केवढ्याला घेतला. पहिल्याचं उत्तर मी छाती काढून देतो, कारण आमचा हॅमिल्टन अडीच वर्षांत कोणालाही चावलेला नाही. मांजराने त्याच्या वाडग्यात तोंड घातलं तर तो बाजूला सरकून उभा राहतो आणि तिचं झालं की उरलंसुरलं चाटतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देत नाही. ते एकदाच दिलं होतं. समोरच्या गृहस्थाने आधी हॅमिल्टनकडे पाहिलं, मग फुटपाथवर झोपलेल्या कुत्र्याकडे, मग माझ्याकडे, आणि नुसतं "अच्छा" म्हणाला.

हॅमिल्टन इंग्लिश पॉइंटर आहे. पांढरा, अंगावर तपकिरी ठिपके, कान लोंबते. दुर्दैवाने अशाच रंगाचे चार जण आमच्या गल्लीत मच्छीवाल्यांच्या टोपल्यांजवळ बसलेले असतात. मी त्याच्या वंशावळीचा दाखला लॅमिनेट करून दिवाणखान्यात लावला आहे. त्यात त्याच्या पणजोबांपर्यंतची नावं आहेत. आम्हा धैर्यवानांच्या घराण्याबद्दल माझी स्वतःची माहिती आजोबांपाशी संपते. तरीही परवान्याच्या खिडकीवरच्या माणसाने यादीत पॉइंटर नाही म्हणून "पॉमेरियन टाकू का? पांढरा आहे ना" असं विचारलं, आणि मी आक्षेप घेतल्यावर "इतर" टाकलं. इमारतीतल्या लोकांनी तर त्याचं नावही राहू दिलं नाही. हॅमिल्टन म्हणायला जड जातं म्हणून आठवड्याभरात त्याचा हेमंत झाला. पुढे मीही तेच म्हणू लागलो, कारण तो त्याच नावाला ओ देऊ लागला.

आता या जातीचा गुण सांगायला हवा, कारण सगळं रामायण तिथूनच घडलं. हा शिकाऱ्यांचा कुत्रा. पण तो पक्ष्यावर झडप घालत नाही, भुंकत नाही, काही नाही. पक्षी दिसला की जागच्या जागी गोठतो. शेपूट सरळ, नाक पक्ष्याच्या रोखाने, आणि पुढचा एक पाय उचललेला. मालक येऊन बार काढेपर्यंत तो हलत नाही. इंग्लंडात मालक बंदूक घेऊन येतो. लालबागमध्ये मालक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन येतो, आणि पक्षी म्हणजे कबुतर, जे कुठेही बघा, असतंच.

शिवाय गोळीच्या आवाजाला न डगमगणारा असं दाखल्यात लिहिलेला हा वीर गणपतीच्या ढोलांना भिऊन दहा दिवस माझ्या कपाटात राहिला. पण तो भाग सोडा.

पहिल्यांदा तो गोठला मार्केटमध्ये, कोंबडीवाल्याच्या पिंजऱ्यासमोर. पंचेचाळीस मिनिटं. मी ओढला, ढकलला, गोड बोललो. अठ्ठावीस किलोचं जनावर, पाय रोवून उभं. कोंबडीवाला म्हणाला, "साहेब, घ्यायची तर घ्या, नाहीतर त्याला न्या. गिऱ्हाईक बिचकतंय." गर्दी जमली. एकाने लकवा सांगितला, एकाने दृष्ट, आणि एका बाईंनी मिरगी म्हणून त्याच्या नाकाशी कांदा धरला. शेवटी मी त्याला उचलून घेतलं आणि तसाच, चार पाय हवेत, चिवडा गल्लीतून घरी आणला. त्यानंतर सकाळ-संध्याकाळचा फेरा माझ्या बायकोने, सुरुचीने घेतला. माझी कंबर हे एक कारण. दुसरं कारण, विमा कंपनीतून विभागीय व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाने रस्त्यात वाकून पिशवीत काय काय गोळा करायचं याला काही मर्यादा असते. मी देखरेखीची बाजू सांभाळत होतो.

आमच्या इमारतीला बावीस मजले आणि दोन लिफ्ट. एक पाहुण्यांच्या तोंडावर मारायची, आरशाची, दुसरी सामानाची. आम्ही सतराव्यावर. जुन्या चाळीतली मंडळी खालच्या मजल्यांवर, आणि त्यांच्यातलेच गुणाजी पेडणेकर सोसायटीचे सेक्रेटरी. गुणाजी वाईट माणूस नाही, पण त्याला नोटीस काढायचा नाद आहे. दोरीवर ओले कपडे, पायपुसणं, चपलांची दिशा, सगळ्यावर त्याची नोटीस आहे. त्याच्या आई मीराबाई मात्र हेमंतवर खूश. हेमंत लॉबीत एक पाय उचलून व्हेंटिलेटरमधल्या कबुतराकडे बघत उभा राहिला की त्या तिसऱ्या मजल्यावरून खाली येत, "पायाक काटो लागलो हा ह्येच्या" म्हणत, आणि पंजाला हळद लावून जात. अडीच वर्षांत काटा काही सापडला नाही. हळदीचे ठसे मात्र आमच्या सोफ्यावर आहेत. गुणाजीचे वडील होते तोवर तेही हेमंतला रोज एक मारी बिस्किट देत.

भाद्रपद लागला त्या आठवड्यात हेमंत आरशाच्या लिफ्टच्या दारात गोठला. अर्धा आत, अर्धा बाहेर. कबुतर लॉबीत ट्यूबलाइटवर बसलेलं. दार मिटायला जाई, हेमंतला लागून परत उघडे. सुरुचीने त्याला ढकललं, वॉचमनने ढकललं. दुसरी लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद होती. वर पंधराव्यावर मीटिंग संपवून गुणाजी आणि कमिटी लिफ्टची वाट बघत पंचवीस मिनिटं उभी होती. नोटीस त्याच संध्याकाळी लागली. हेमंतला दोन्ही लिफ्ट बंद.

मी गप्प बसणाऱ्यांतला नाही. तीस वर्षं मी लोकांचे क्लेम नाकारले आहेत, तेव्हा नोटीस कशी पाडायची हे मला शिकवायला नको. पाळीव प्राण्याला लिफ्ट नाकारता येत नाही, असं चार पानी पत्र मी नियमांसकट लिहिलं. गुणाजीने ते दोन प्रतींत मागितलं, मग तीन प्रतींत, मग म्हणाला, "धैर्यवानसाहेब, नियम करेक्ट आहे. पण त्यात डॉगने लिफ्टमधून जायचं लिहिलंय. तुमचा डॉग जातो कुठे? तो थांबतो. थांबण्याचं नियमात कुठे आहे ते दाखवा, मी आत्ता नोटीस खाली उतरवतो." मी नियम पुन्हा वाचले. थांबण्याचं कुठेच नव्हतं.

शेजारी सल्ल्यांना कमी पडले नाहीत. कुत्र्याला टोपलीत घालून न्या. डोळ्यांना पट्टी बांधा. सतराव्यावरच टबमध्ये माती भरून सोय करा. सोळाव्यावरच्या देविकाताईंनी तर एक सीडी आणून दिली, कबुतरांच्या घुमण्याची, सवय व्हावी म्हणून. ती लावल्यावर हेमंत स्पीकरसमोर दीड तास उभा राहिला.

खरा प्रश्न सुरुचीच्या गुडघ्याचा होता. सतरा मजले उतरायचे, सतरा चढायचे, दिवसातून दोनदा. आठ दिवसांत गुडघा नारळाएवढा झाला. डॉक्टर म्हणाले जिने बंद. मी म्हणालो माझी कंबर. मग कर्जतच्या एका ओळखीच्या माणसाचा फोन आला. त्याची वाडी आहे, कुत्र्यावर जीव आहे, हेमंतला कायमचं न्यायला रविवारी गाडी घेऊन येतो म्हणाला. सुरुची हो म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. नळाखाली भांडं नव्हतं. मी देखरेखीची बाजू सांभाळणारा माणूस, पण मलाही ते बघवेना. हेमंत तिच्या पायाशी बसला होता आणि त्याला रविवार म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

गुरुवारी पितृपक्षातली पंचमी होती. सुरुची पाय वर करून पडलेली, म्हणून हेमंतला मी गच्चीवर नेला. सतराव्यावरून खाली जाण्यापेक्षा सहा मजले वर चढणं सोपं, आणि गच्चीवर मला पिशवीसह बघणारं कोणी नसेल असा माझा अंदाज होता. अंदाज चुकला. गच्चीवर पेडणेकरांचं सगळं घर उभं होतं. गुणाजीच्या वडिलांचा म्हाळ, म्हणजे पक्षातलं श्राद्ध. गुणाजी उघड्या अंगाने, पंचा नेसून; मीराबाई; आणि गुणाजीची बहीण सुचित्रा, जी तीन वर्षं भावाशी बोलत नव्हती, तरी बापाच्या पानासाठी आली होती. कठड्यावर केळीचं पान मांडलेलं. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर, भोपळ्याची भाजी.

समोर पाण्याच्या टाकीवर कावळा बसला होता.

मी मागे फिरणार, तेवढ्यात हेमंतने कावळा पाहिला. शेपूट सरळ झालं, पाय उचलला गेला, आणि तो गोठला. कावळ्यानेही हेमंतला पाहिलं. आयुष्यात आपल्याकडे इतक्या एकाग्रतेने बघणारं कुत्रं त्याने पाहिलेलं नसावं. तो टाकीवर चिकटून बसला. पानाकडे येईना, उडूनही जाईना.

"काव, काव," गुणाजीने हाक मारली. पाच मिनिटं झाली. दहा झाली. उसळीवर माश्या बसू लागल्या.

"गुणग्या," मीराबाई म्हणाल्या, "तेंचा मन खंयतरी अडाकला हा. सांग तेंका."

आता हे सगळ्यांना ठाऊक असतं. कावळा शिवेना, तर गेलेल्याची काही इच्छा राहिली आहे; ती ओळखून मोठ्याने कबूल करायची, की कावळा येतो. मी विज्ञानाचा पदवीधर आहे. कावळा का येत नाही हे त्या गच्चीवर एकट्या मला माहीत होतं, आणि त्याचं कारण माझ्या हातातल्या दोरीच्या टोकाला उभं होतं. हेमंतला उचलून पलीकडे तोंड करून ठेवला असता तर अर्ध्या मिनिटात काम झालं असतं. मी तसं करणारही होतो, देवाशपथ. पण गुणाजीने हात जोडले आणि म्हणाला, "बाबा, गावचं घर विकत नाही. एजंटला सांगतो." त्यावर मी जरा थांबलो. दुसऱ्याच्या घरची गोष्ट अर्धवट ऐकणं वाईट.

कावळा हलला नाही. "तुमचा पखवाज मी विकला," गुणाजी म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "भजनी मंडळाला दिला सांगितलं ते खोटं होतं. नवीन घेऊन देतो मंडळाला." कावळा नाही. मग तो बहिणीकडे न बघता म्हणाला, "सुचित्राला गणपतीला बोलवीन. दर वर्षी. स्वतः जाऊन." सुचित्राने पदर तोंडाला लावला. कावळ्याने मान वाकडी केली, हेमंतकडे पाहिलं आणि मान परत सरळ केली. आता मला लाज वाटू लागली होती. मी दोरी हातात गुंडाळली, पुढे झालो, आणि नेमक्या त्याच वेळी मीराबाईंची नजर हेमंतवर पडली.

"अरे," त्या म्हणाल्या, "ह्येका दिसतत ते. बघ कसो हात उचलून उभो आसा."

सगळे वळले. हेमंत पाय उचलून, डोळ्याची पापणी न लववता, टाकीकडे बघत होता. खरं सांगायचं तर त्या क्षणी तो माझ्याही अंगावर काटा आणून गेला.

"रोज बिस्किट देत होते तेका," मीराबाई रडत म्हणाल्या. "तेंचो जीव ह्या मुक्या जनावरात अडाकलो हा, आणि तू तेची लिफ्ट बंद केलंस."

गुणाजीचं तोंड बघण्यासारखं झालं. बापाच्या पानासमोर, ओल्या पंच्यावर, पण आत सेक्रेटरी जागा होता. तो माझ्याकडे बघू लागला. मी कावळ्याकडे बघू लागलो. हातातली दोरी मी ओढली नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही, पण रविवार तीन दिवसांवर होता.

"बाबा," गुणाजी दातांतून म्हणाला, "हेमंतला लिफ्ट दिली."

कावळा बसून राहिला.

"खंयची लिफ्ट ता सांग," मीराबाई म्हणाल्या.

"सामानाची."

कावळा टाकीवर एक पाऊल मागे सरकला. हे त्याने स्वतःच्या मनाने केलं, माझा त्यात हात नव्हता.

"दोन्ही," गुणाजी म्हणाला. "दोन्ही लिफ्ट दिल्या बाबा. थांबला तरी चालेल."

मी हेमंतला कंबरेत धरून उचलला आणि तोंड समुद्राकडे करून धरला. कावळा टाकीवरून सुटला तो थेट वड्यावर. मीराबाई मटकन खाली बसल्या. सुचित्राने भावाच्या पाठीवर हात ठेवला, आणि पंचा नेसलेला तो माणूस लहान पोरासारखा रडला. माझेही डोळे भरले. कंबरेतून कळ आली होती हे खरं, पण सगळं त्यामुळे नव्हतं.

रविवारी कर्जतची गाडी रिकामी परत गेली. हेमंत आरशाच्या लिफ्टने ये-जा करू लागला. पण लालबागमध्ये अशी गोष्ट तिसऱ्या मजल्यावर राहत नाही. त्या पंचमीच्या दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारपासून रांग लागली होती. ज्यांच्या घरी तिथी, त्यांना गच्चीवर हेमंत हवा. गुणाजीने नोटीस काढलीच: तिथीवार वेळा, एका घराला वीस मिनिटं. चौदाव्यावरचे डॉक्टर, जे अंधश्रद्धेवर व्याख्यानं देतात, तेही येऊन "नुसतं खबरदारी म्हणून" असं म्हणून सप्तमी घेऊन गेले. कुत्र्याचाही घास असतोच श्राद्धात. त्या आठवड्यात हेमंत तीन किलोने वाढला. अष्टमीला तर खीर खाऊन तो कठड्याखाली झोपला, कावळा पान ठेवताक्षणी आला आणि खाऊन गेला. त्या घरचे लोक तोंड पाडून खाली उतरले. आमच्या बाबांची काहीच इच्छा नव्हती का, असं त्यांच्या सुनेने मला दोनदा विचारलं. एकूण नऊ घरांत नऊ जणांनी काय काय कबूल केलं ते मी ऐकलं आहे आणि इथे लिहिणार नाही, कारण मला त्याच इमारतीत राहायचं आहे.

दशमीला आमच्या अप्पांची तिथी. अप्पा म्हणजे माझे वडील. सकाळपासून माझी मनःस्थिती उत्तम होती. पान सुरेख सजलं होतं, अप्पांच्या आवडीच्या अळूवड्यांसकट. युक्तीची किल्ली माझ्याकडे होती, तेव्हा काळजी नव्हती. विधी मला करायचे म्हणून दोरी सुरुचीकडे दिली. तिचा गुडघा लिफ्टमुळे बराच उतरला होता. मी तिला सांगून ठेवलं, की दोन मिनिटं त्याला उभं राहू दे, लोकांचं समाधान होऊ दे, मग मी खाकरलो की तोंड फिरव.

अर्धी इमारत जमली होती. गुणाजी आणि मीराबाई पुढे. कावळा टाकीवर. हेमंत गोठला. मी दोन मिनिटांनी खाकरलो.

काही झालं नाही. मी पुन्हा खाकरलो. मीराबाईंनी मला पाणी दिलं. मी सुरुचीकडे पाहिलं. ती दोन्ही हातांनी दोरी धरून, अतिशय श्रद्धाळू चेहऱ्याने, कावळ्याकडे बघत होती.

"सांगा तेंका," मीराबाई म्हणाल्या.

मी अप्पांना सांगितलं की विरारच्या धाकट्या भावाला फोन करीन. त्यांचं कपाट भंगारात देणार नाही. कावळा ढिम्म. लोक कुजबुजू लागले. आणि इथे एक कबूल करतो. कावळा का येत नाही हे मला माहीत होतं, दोरी कोणाच्या हातात आहे हेही दिसत होतं. तरी पानावरची अळूवडी सुकत चाललेली बघून मी मनातल्या मनात अप्पांना खरंच विचारलं, की काय राहिलं. अप्पांच्या शेवटच्या आजारपणात त्यांना उठवणं-बसवणं, भांडं देणं, चादरी बदलणं हे कोणी केलं, ते मला आठवलं. मी तेव्हाही देखरेखीची बाजू सांभाळत होतो.

"घरातल्या माणसाक इचारा," मीराबाई म्हणाल्या.

सुरुचीने कावळ्यावरची नजर काढली नाही. "अप्पांना पहाटे फिरायला फार आवडायचं," ती म्हणाली.

मी घसा साफ केला. "अप्पा," मी म्हणालो, "उद्यापासून हेमंतला सकाळी साडेपाचला मी नेईन."

कावळा बसून राहिला.

"संध्याकाळीही."

"आणि पिशवी?" सुरुचीने विचारलं. इतक्या हळू, की मागच्या रांगेतल्यांनी एकमेकांना काय म्हणाली म्हणून विचारलं, आणि पुढच्यांनी त्यांना सांगितलं.

"पिशवी मीच उचलीन, अप्पा."

"रोज?"

"रोज."

सुरुची खाली वाकली. गुडघा दुखत असूनही वाकली, हेमंतच्या कानामागे खाजवलं, त्याचं तोंड हळूच दोन्ही हातांत घेऊन स्वतःकडे वळवलं आणि तसंच धरून ठेवलं. कावळा आला. अळूवडी पहिली उचलली. लोकांनी हात जोडले. मीही जोडले.

हात खाली करून बघतो तर गुणाजी माझ्याकडे बघत होता. मग त्याने सुरुचीच्या हातातली दोरी पाहिली, हेमंतचं वळवलेलं तोंड पाहिलं, पाण्याची टाकी पाहिली, आणि मी पंचमीला कुठे उभा होतो ती जागा पाहिली. त्याच्या डोक्यात हिशेब लागताना मला दिसत होता. हेमंतची लिफ्ट गेली असं मी समजून चाललो होतो.

पण गुणाजी जवळ आला, माझ्या उघड्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "घाबरू नका, साहेब. लिफ्ट मी बाबांना कबूल केलीय, ती परत घेता येत नाही." मग खिशातून पेन काढून त्याने तळहातावर काहीतरी लिहिलं. "तसंच तुमचं. उद्या साडेपाचला मी गेटवर आहे. रोज असेन. पिशवी दाखवून जायचं."